गोल्डन पॅरटमधली तरक्की

नेतृत्वाचं शिक्षण घ्यायचं माझ्या डोक्यात आलं ते एका कोटामुळे. कोट माझा नव्हता. आदिलाबादच्या एका मोठ्या शाळेची नवी बस आमच्या गुडीहत्नूरात यायला लागली आणि तिच्यातून एके दिवशी तिथल्या बालवर्गाच्या प्रमुख बाई उतरल्या. एप्रिलचं ऊन. हायवेचं डांबर चपलेला चिकटत होतं. आणि त्या बाई निळा कोट घालून, गळ्यात ओळखपत्र अडकवून घरोघर हसत हिंडत होत्या. त्यांना घाम येत नव्हता. ज्या बाईला आमच्या जिल्ह्यात एप्रिलमध्ये कोटातही घाम येत नाही तिनं कसलं तरी प्रशिक्षण घेतलेलं असणार, एवढं माझ्या लगेच लक्षात आलं.

माझीही शाळा आहे. माझे यजमान अमरदीप यांचं हायवेला पाइप आणि पाण्याच्या मोटारींचं दुकान आहे. त्याच्या मागच्या दोन खोल्या आणि पत्र्याची पडवी मिळून माझी शाळा होते. नाव 'गोल्डन पॅरट प्ले स्कूल'. नाव ठेवताना मी पेंटरला सांगितलं होतं की पोपट सोनेरी हवा. त्यानं पोपट पिवळा रंगवला आणि चोच इतकी आखूड ठेवली की सगळं गाव 'कोंबडीची शाळा' म्हणतं. पण शाळा चांगली चालते. भाजीवाल्यांची, कापसाच्या व्यापाऱ्यांची, दुकानदारांची लेकरं येतात, रडतात, खेळतात, झोपतात आणि घरी जातात. यापेक्षा जास्त काही बालशिक्षणात असतं असं मला तोवर वाटलं नव्हतं.

कोटवाल्या बाई येऊन गेल्या त्या संध्याकाळी भाजीवाल्या गयाबाई मुलाला न्यायला आल्या आणि दारातच थांबल्या.

"त्या मॅडमजवळ सर्टिफिकेट हाय म्हनते," त्या म्हणाल्या. "तुमच्याजवळ काय हाय?"

माझ्याजवळ त्यांचा मुलगा होता, रोज सकाळपासून. हे उत्तर मला रात्री सुचलं. त्या वेळी मी फक्त "बी.ए. आहे" असं म्हटलं आणि शिवणकामाचा डिप्लोमाही आहे हे पुढे जोडलं. गयाबाईंनी "असं का" म्हणून मुलाचं नाक पुसलं. त्या पुसण्यात मला बरंच काही दिसलं.

मग मी फोनवर शोधाशोध केली आणि हैदराबादच्या एका संस्थेचा सहा महिन्यांचा कोर्स सापडला. दर रविवारी ऑनलाइन वर्ग आणि शेवटी प्रत्यक्ष शाळा पाहायला बाई येणार. नाव होतं 'अर्ली चाइल्डहुड प्रोग्राम लीडरशिप'. ते मी अमरदीपना वाचून दाखवलं.

"कोर्स झाल्यावर काय होते?" त्यांनी विचारलं.

"लीडर."

"मंग आता काय हायेस?"

"आता नुसती मालकीण आहे."

"मालकिणीचं काय वाईट हाय?" असं म्हणून ते मोटारीचं वायंडिंग तपासायला गेले. धंदेवाईक माणसाला करिअर कळत नाही, असं मी त्या दिवशी ठरवून टाकलं.

शेजारी लक्ष्मणराव राहतात. ते महसूल खात्यातून गिरदावर, म्हणजे मंडळ निरीक्षक, म्हणून निवृत्त झाले. गावाची मोजणी करायची सवय मात्र निवृत्त झालेली नाही. ते रोज आमच्या दुकानात पेपर वाचायला येतात आणि वाचता वाचता सल्ला देतात. त्यांनी कोर्सचं नाव ऐकलं आणि पेपर खाली ठेवला.

"प्रोग्राम? कायचा प्रोग्राम?"

"लहान मुलांचा."

"मंग मंडप लागन. मंडपाची दरखास्त पंचायतीत आताच देऊन ठेवा, लग्नसराई हाय."

मी त्यांना अर्धा तास समजावलं की हा वेगळा प्रोग्राम आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि उठताना म्हणाले, "तरी पन मंडपाचं पाहून ठेवा."

कोर्सचे पहिले दोन महिने काही नुकसान न होता गेले. आम्हाला शिकवायला स्वरूपारानी मॅडम होत्या. आवाज शांत, कपाळावर मोठं कुंकू, बोलणं तेलुगू आणि इंग्रजी मिळून. त्यांनी सांगितलं तसं मी शाळेचं ध्येय लिहून भिंतीला चिकटवलं. आमच्या आया जयवंताबाईंनी दुसऱ्या दिवशी ते ओल्या फडक्यानं पुसलं. मी पुन्हा लिहिलं. इथवर ठीक होतं.

मग आला कर्मचारी विकासाचा धडा. स्वरूपारानी मॅडम म्हणाल्या, "लीडर म्हणजे शिडी चढणारी नव्हे. ज्यांना चढायचं आहे त्यांच्यासाठी शिडी धरणारी." मला हे वाक्य फार आवडलं. शिडी धरणाऱ्याच्या डोक्यावर वरून काय काय पडतं, हा भाग बहुधा पुढच्या धड्यात होता. काम असं होतं: प्रत्येक कर्मचाऱ्याशी समोरासमोर बसून बोला. तिला काय चांगलं जमतं, काय शिकायचं आहे, पाच वर्षांनी ती स्वतःला कुठे पाहते, हे विचारा. मग तिनं निवडलेलं एक पाऊल पुढे टाकायला मदत करा. पाऊल तिनंच निवडायचं. नाही म्हणायचा अधिकार लीडरला नाही.

माझे कर्मचारी दोन. एक जयवंताबाई आणि दुसरी सपना. सपना इथलीच, बारीक चणीची, तेलुगू माध्यमातून शिकलेली मुलगी. तिला काहीही सांगा, ती "हो मॅडम" म्हणायची. दोन वर्षांत तिच्या तोंडून दुसरं वाक्य मी ऐकलं नव्हतं आणि मला तो गुणच वाटत होता.

मी जयवंताबाईंपासून सुरुवात केली. बोलणं समान उंचीवर बसून व्हावं असा नियम होता. मी दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या. जयवंताबाई खुर्चीवर बसायला तयार होईनात. त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. उंची समान हवी म्हणून मीही खाली बसले. मला जमिनीवर बसलेलं पाहून त्यांचा चेहरा उतरला.

"कोन गेलं, मॅडम?" त्यांनी हळूच विचारलं.

"कोणी नाही गेलं. मला तुमच्याशी बोलायचंय. तुम्हाला कोणतं काम चांगलं जमतं असं वाटतं?"

"काऊन? काई चुकलं का माहं?"

"काही चुकलं नाही. सांगा ना."

"लेकरायले संडासले नेतो, धुतो, झोपोतो. तुमी सांगता ते करतो. अजून काय पायजे?"

"बरं. पुढे काय शिकावंसं वाटतं?"

"या वयात काय शिकू बाप्पा?"

मला वाटलं, गाडी रुळावर येते आहे. मी तिसरा प्रश्न विचारला. "मावशी, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?"

जयवंताबाईंनी माझ्याकडे बघितलं. मग छताकडे बघितलं. मग पदर डोळ्याला लावला.

"माह्या मायले बी आदिलाबादच्या डॉक्टरनं असंच इचारलं होतं, आन् मंग घरी न्या म्हनला," त्या म्हणाल्या. त्यांनी हातातलं फडकं नीट घडी करून माझ्या पुढ्यात ठेवलं आणि घरी निघून गेल्या.

दिवेलागणीला सगळ्या गावाला माहीत झालं की कोंबडीच्या शाळेच्या मॅडम जयवंताबाईला काढून राहिल्या आहेत. अजून थोड्या वेळानं शाळाच बंद होणार असल्याचं कळलं. हे मला कळलं, कारण बाजारातला एक माणूस मोटारसायकलवर आला आणि घसरगुंडी विकायची आहे का म्हणून विचारू लागला. विकायची नाही म्हटल्यावर त्यानं झोपाळ्याचं विचारलं. अमरदीपनी त्याला हाकलण्याऐवजी एक पाइप विकला.

लक्ष्मणराव गंभीर चेहऱ्यानं आले. "भाग्यलक्ष्मीबाई, मुलाजिमाले बरखास्त कराचं असन तर आदी कैफियत घ्या लागते. तोंडी चालत नाई."

"मी कोणाला काढत नाही."

"तेच मी जयवंताबाईले म्हनलं. म्हनलं, कैफियत नाई मांगली म्हनजे तुले काढता येत नाई. तू उद्या जाय आन् बस."

म्हणजे त्यांनी दोन्हीकडे सल्ला दिला होता. ते कोणाचीच बाजू घेत नाहीत. ते फक्त प्रकरण वाढवतात. दुसऱ्या दिवशी जयवंताबाई कामावर आल्या आणि त्यांनी फडकं उचललं.

सपनाचं मात्र सुरळीत झालं. तिनं तिन्ही प्रश्न मान खाली घालून ऐकले, "हो मॅडम" म्हणाली आणि गेली. मला वाटलं संपलं. दुसऱ्या दिवशी मुलं झोपल्यावर ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

"मॅडम, मी इचार केला. मले तुमच्यासारखं व्हायचं हाय."

एवढं मोठं वाक्य तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं, आणि तेही असलं. मला भरून आलं. मी त्या दिवशी घरी गोडाचा शिरा केला आणि कारण विचारल्यावर सांगितलं नाही. नेत्यानं थोडं गूढ असावं.

मग मी सपनाची शिडी अशी धरली की विचारू नका. माझी पुस्तकं तिला दिली. पालकांशी कसं बोलायचं, रडणाऱ्या मुलापुढे आधी स्वतः खाली कसं बसायचं, दिवसाचं वेळापत्रक कसं लावायचं, नव्या मुलाच्या आईला दाराबाहेर कसं काढायचं, सगळं दाखवलं. नर्सरी टीचरच्या ट्रेनिंगला तिचं नाव घातलं आणि आदिलाबादला तिच्याबरोबर गेलेही. ती सगळं टिपून घ्यायची आणि "हो मॅडम" म्हणायची. शेतकरी नव्या रोपाकडे बघतो तशी मी तिच्याकडे बघत असे.

पण आमच्या शाळेत दोन माणसं आणि एक भिंत. भिंतीपलीकडचं सगळं ऐकू येतं. एके सकाळी जयवंताबाई धुवट लुगडं नेसून, लक्ष्मणरावांना सोबत घेऊन आल्या.

"सपनाची तरक्की करून राह्यल्या," त्या म्हणाल्या. "मंग माही काऊन नाई?"

"मावशी, तुम्हाला विचारलं तर तुम्ही रडत घरी गेलात."

"तवा मले समजलं नव्हतं. आता भाऊजीनं समजावलं."

लक्ष्मणराव घसा साफ करून म्हणाले, "तरक्की द्याची तं सगळ्यायले. एकाले देली आन् एकाले नाई, तं दफ्तर बंद पडते."

जयवंताबाईंनी आपलं पाऊल ठरवून आणलं होतं. त्यांना खुर्ची हवी होती. मुलांना गाणी आणि गोष्टी सांगायच्या होत्या. आपल्याला मॅडम म्हणावं अशी इच्छा होती. आणि संडास-मोरीचं काम इथून पुढे नव्या माणसानं करावं. मी कोर्सची पानं पुन्हा उघडून पाहिली. नाही म्हणायचा अधिकार खरंच नव्हता. "नवीन माणूस मिळालं की करू," असं मी म्हटलं. जयवंताबाई खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मी हाय इथं, तुमी मानूस पाहा." नवीन माणूस काही मिळालं नाही. कापसाची वेचणी चालू होती, गावात रिकामा हात नव्हता. मग ते काम कोणी केलं हे सांगायला नको.

कोर्समध्ये एक आदर्श शाळा पाहून येणंही होतं. मला मंचेरियलची एक शाळा मिळाली. सपनाला सरावासाठी शाळेची जबाबदारी दिली आणि पहाटेच्या बसनं निघाले. बायकांना बस फुकट झाल्यापासून बसमध्ये पाय ठेवायला जागा मिळते ती नशिबानं. कंडक्टरनं शून्याचं तिकीट हातात दिलं आणि मी लक्झेट्टीपेटपर्यंत उभ्यानं नेतृत्वावर विचार केला.

मंचेरियलची शाळा म्हणजे शाळा होती. रंगीत भिंती, मुलांच्या उंचीचे नळ, वाळूचा चौक, आणि गणवेशातल्या शिक्षिका. तिथल्या हेड मॅडमनी मला केबिनमध्ये बसवून चहा दिला आणि विचारलं, "तुमचा स्टाफ किती?"

माणसाची परीक्षा अशाच क्षणी होते. समोर गार हवेचं यंत्र, काचेचं टेबल. मी जर "दोन, त्यातली एक खुर्चीवर बसून राहते" असं म्हटलं असतं तर प्रामाणिकपणा झाला असता. मी म्हटलं, "स्टाफ लहान आहे, पण मी फार तयार केलाय. आज माझी सहायक एकटी शाळा चालवते आहे. मी नसले तरी काही अडत नाही. पालक, वेळापत्रक, नवी मुलं, सगळं बघते. इतकी हुशार मुलगी जिल्ह्यात दुसरी नसेल."

"नाव काय तिचं?" हेड मॅडमनी कौतुकानं विचारलं.

मी नाव सांगितलं. कौतुक अजून वाढावं म्हणून फोन नंबरही दिला.

परत आले तर शाळा व्यवस्थित चालू होती. कोणी रडत नव्हतं. एका मुलानं माझ्याकडे पाहून "तू कोन?" म्हणून विचारलं. मी नसले तरी काही अडत नाही, हे मी केबिनमध्ये बोलले होते. ते खरं निघाल्याचा आनंद मला व्हायला हवा होता.

पुढच्या आठवड्यात सपना मुलं झोपल्यावर पुन्हा माझ्याजवळ येऊन उभी राहिली. मी उत्साहानं पुस्तक मिटलं.

"मॅडम, मंचेरियलहून फोन आला होता. तिथं बालवर्गाची इनचार्ज म्हनून बलावून राह्यले. राह्यची खोली बी देतो म्हनते."

मी मिटलेलं पुस्तक पुन्हा उघडलं.

"तुमी सांगितलं म्हने माह्याबद्दल. एवढं चांगलं माह्याबद्दल कोनी कवाच सांगितलं नाई, मॅडम." तिचे डोळे भरले होते. "जाऊ का?"

आजवर ती मला हो म्हणत आली होती. त्या दिवशी मला तिला "हो" म्हणावं लागलं. ते म्हणायला किती जड असतं ते मला तेव्हा कळलं, आणि ती ते दिवसातून कितीदा म्हणायची याचाही पहिल्यांदा अंदाज आला. तिचे वडील पेढे घेऊन आले. मी दोन खाल्ले.

आता शाळेत मी आणि जयवंताबाई. म्हणजे जयवंता मॅडम. त्या खुर्चीवर बसून मोठ्या आवाजात वाघाची गोष्ट सांगायच्या. गोष्ट रोज पहिल्यापासूनच सुरू व्हायची आणि वाघ कधीच गावात पोचायचा नाही. मुलं घाबरून गप्प बसायची. इंग्रजी अक्षरं त्यांना मी रोज सकाळी शिकवायची आणि त्या दुपारी आपल्या पद्धतीनं मुलांना द्यायच्या. 'ए फॉर आत्या' गावात पोचलं तेव्हा गयाबाई पुन्हा दारात थांबल्या. त्यांनी पुढच्या वर्षी मुलाला बसनं पाठवणार असल्याचं सांगून टाकलं. त्यांच्या मागे आणखी दोघी होत्या. मी रात्रभर मुलांची मोजणी करत होते आणि दर वेळी ती कमी येत होती.

माझे हाल पाहून अमरदीपना दया आली. दया आली की ते यंत्र बसवतात. त्यांनी शाळेच्या संडासापाशी दुकानातला एक पाइप आणून त्याला मोटार जोडली.

"लेकरं धुवाले सोपं जाईन," ते म्हणाले. "बटन दाबलं की झालं."

मोटार एक एकर शेत भिजवणारी होती. पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा पाणी लेकराला लागून भिंतीला लागलं, भिंतीवरून मला लागलं आणि पडवीतले चपला-बूट अंगणात गेले. मुलगा क्षणभर गप्प राहिला आणि मग इतका हसला की त्याला उचकी लागली. मग सगळ्या मुलांना संडासला लागली. त्या दिवसापासून गोल्डन पॅरटमध्ये संडासापुढे रांग असते. ज्यांना लागलेली नसते तीही उभी असतात.

स्वरूपारानी मॅडम शाळा पाहायला येणार होत्या त्या दिवशी मी कांजी केलेली साडी काढून ठेवली होती. म्हणजे खुंटीवर ठेवली होती. अंगावर जुनी होती, कारण रांग संपली नव्हती. मॅडम दुपारी येणार होत्या. त्या सकाळीच आल्या. मी पडवीत होते, पदर खोचलेला, केसांतून पाणी गळत होतं, एका हातात मुलगी आणि दुसऱ्या हातात पाइप.

"प्रिन्सिपल मॅडम एक्कड?" कुठे आहेत, म्हणून त्यांनी तेलुगूत मलाच विचारलं. फोनच्या पडद्यावर मी नेहमी पावडर लावून, गळ्यापर्यंतच दिसत असे. त्यांचा दोष नव्हता.

मी तोंड उघडणार तोच लक्ष्मणराव पुढे आले. पालक समिती म्हणून ते स्वतःच्या मनानं, इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. "या, या. मॅडम आत बसल्या हायेत," असं म्हणून त्यांनी आत बोट दाखवलं. आत खुर्चीवर जयवंताबाई होत्या. त्यांना मॅडम म्हणायचं हे लक्ष्मणरावांनीच ठरवून दिलेलं होतं आणि ते शब्दाचे पक्के आहेत.

मी धावले असते. पण हातातली मुलगी अर्धी धुतलेली होती, आणि बालशिक्षणात काही कामं अर्धी सोडता येत नाहीत.

मी मुलीला पुसून, कपडे घालून, साडी बदलून आत गेले तेव्हा स्वरूपारानी मॅडम मुलांच्या लाल खुर्चीवर गुडघे जवळ घेऊन बसल्या होत्या आणि जयवंताबाई बाजारातल्या तेलुगूत बोलत होत्या.

"मी इथं आधी आयाच होते, अम्मा," त्या सांगत होत्या. "मग या बाईनं मला एक दिवस खाली बसून विचारलं, पुढं काय करायचं. मला वाटलं काढून टाकते. पण तिनं काढलं नाही, बसवलं."

"या बाईनं म्हणजे?" मॅडमनी विचारलं.

जयवंताबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. स्वरूपारानी मॅडमनी मला नीट पाहिलं. ओल्या केसांपासून खालपर्यंत पाहिलं.

"प्रिन्सिपल तुम्ही?"

"हो."

"मग या?"

"त्या आता सहायक शिक्षिका."

"आणि शिक्षिका कुठे आहे?"

"मंचेरियलला. इनचार्ज झाली."

"मग आया कोण?"

लक्ष्मणरावांनी मदत केली. "ते चार्ज सध्या यायच्याकडंच हाय," ते म्हणाले.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी काहीतरी लिहिलं, चहा घेतला, वाघाची गोष्ट अर्धी ऐकली आणि मग मला बाजूला घेऊन संडास कुठे आहे ते विचारलं. मी त्यांना तिथे नेलं आणि मोटारीच्या बटणापाशी स्वतः उभी राहिले. सगळ्या मुलांना आणि अमरदीपना हातानं लांब ठेवलं. सहा महिन्यांच्या नेतृत्वातली ती माझी सर्वांत जबाबदारीची वेळ होती आणि ती कोणतीही दुर्घटना न होता पार पडली.

मी नापास होणार याबद्दल घरात एकमत होतं. पण शेवटच्या रविवारी स्वरूपारानी मॅडमनी मला पास केलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं की या तुकडीत एकच शाळा अशी आहे जिथला प्रत्येक कर्मचारी एक पायरी वर गेला. त्यांनी फोटोही दाखवला. त्यात जयवंताबाई खुर्चीवर होत्या आणि मागे दारात मी, हातात बादली. खाली लिहिलं होतं, 'शाळेच्या प्रमुख, मदतनीसांसह'. मी दुरुस्तीसाठी अर्ज केला. तुकडी बंद झाल्यामुळे दुरुस्ती होऊ शकत नाही असं उत्तर आलं. लक्ष्मणराव म्हणाले, अपील करू. मी म्हटलं, राहू द्या.

सपना मंचेरियलला रुजू झाली होती त्या पहिल्याच संध्याकाळी तिचा फोन आला होता. "मॅडम, माह्या हाताखाली इतक्या जनी हायेत, एकही आयकत नाई. काय करू?" मी तिला म्हटलं, सध्या फक्त कोणालाही पाच वर्षांनी कुठे असशील ते विचारू नकोस. ती पहिल्यांदाच माझ्याशी बोलताना खळखळून हसली. आता तिचा फोन बऱ्याचदा येतो. रडणारं मूल, भांडणाऱ्या शिक्षिका, तक्रारखोर आई-बाप, असं काही ना काही. फोनवर बोलताना माझा आवाज स्वरूपारानी मॅडमसारखा होतो असं अमरदीप म्हणतात. त्यांना तो आवाज आवडत नाही. मला आवडतो.

जूनमध्ये गयाबाईंनी मुलाला आदिलाबादच्या बसमध्ये बसवलं. तो आठवडाभर गेला आणि मग जाईना.

"तिकडं पाइप नाई म्हनते," गयाबाई मुलाचा हात माझ्या हातात देत म्हणाल्या. त्यांच्या मागच्या दोघीही परत आल्या. वर्ग भरला. जयवंताबाईंनी आत्या सोडली आणि 'ए फॉर आंबा' सुरू केलं. मी ते तसंच चालू दिलं. शिकवणाऱ्याचा उत्साह मोडू नये.

फक्त सपनाची जागा रिकामी होती. गेल्या महिन्यात बाजारहत्नूरहून उत्कर्षा नावाची एक मुलगी मुलाखतीला आली. चष्मा, नवी ओढणी, डी.एड. झालेली. मी तिला काही विचारायच्या आधी तिनंच विचारलं.

"मॅडम, तुमच्या इथं पुढं जायले काई चान्स हाय का?"

मी खरं ते सांगितलं. "इथली आधीची शिक्षिका मंचेरियलला इनचार्ज झाली. आया होत्या त्या आता शिकवतात, त्या बघ, समोर बसल्यात." जयवंताबाईंनी खुर्चीवरून मान हलवली.

"आन् तुमी, मॅडम?" तिनं विचारलं.

मी उत्तराची जुळवाजुळव करत होते. माझ्याजवळ आता सर्टिफिकेट होतं, आणि त्यावर काय लिहिलंय ते मला पाठ होतं. तेवढ्यात मागच्या पडवीतून एक बारीक, भक्कम आवाज आला.

"बाऽई, झाली."

मी सवयीनं पदर खोचला आणि उठले. उत्कर्षानं पर्स खुर्चीवर ठेवली. ओढणी कमरेला बांधली.

"बसा मॅडम, मी पाह्यतो," ती म्हणाली. "पाणी कुठं हाय?"

मी तिला बटण दाखवलं आणि दोन पावलं मागे उभं राहायला सांगितलं. पगाराचं बोलणं आम्ही नंतर केलं, दोघींचे केस वाळल्यावर.